मिनिएचर घोडा घेतलाय पण कागद तिसऱ्याच माणसाच्या नावावर आहे, रजिस्ट्रेशन कसं करायचं?

ब्रुकशायरची_आई

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांबेल. आम्ही ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटीच्या पुढे ब्रुकशायरजवळ राहतो, दोन एकर जागा आहे, एचओए म्हणजे नियम घालणारी घरमालकांची सोसायटी नाही, आणि लेक (वय 9) तीन वर्षं मागे लागली होती म्हणून गेल्या महिन्यात एक मिनिएचर घोडा घेतलाय. रंग अगदी चिकूच्या सालीसारखा म्हणून नाव चिकू. सहा वर्षांचा आहे, गेल्डिंग म्हणजे खच्ची केलेला, उंची घरच्या शिवणाच्या टेपने 33 इंच भरली. स्वभाव इतका गरीब की लेक त्याच्या पायाशी बसून अभ्यास करते.

अडचण कागदाची आहे. ज्या बाईंकडून घेतला त्यांनी अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशनचं म्हणजे एएमएचएचं सर्टिफिकेट दिलं, पण त्यावर मालक म्हणून त्यांचं नावच नाहीये, त्यांच्याही आधीच्या माणसाचं आहे. त्यांनी घेतला तेव्हा नाव बदलून घेतलंच नाही म्हणे, गरज पडली नाही. वर ते सर्टिफिकेट टेम्पररी आहे, चिकू शिंगरू असतानाचं. आता हे आमच्या नावावर होईल का, नवऱ्याच्या नावावर करायचं की लेकीच्या, आणि मुळात करायलाच हवं का? लेकीला फोर-एचमध्ये, म्हणजे इथल्या मुलांच्या शेती-जनावरांच्या क्लबमध्ये जायचंय.

अजून एक. पुढच्या महिन्यात सासूसासरे साताऱ्याहून येतायत, सासऱ्यांना घोड्यांचं भारी प्रेम, ते फोनवर विचारतात की नात बसते का घोड्यावर. लेकीचं वजन 60 पौंड आहे. बसली तर चालेल का? चिकू तसा मजबूत आहे, मान तर चांगली जाडजूड आणि घट्ट झालीय, येणारा प्रत्येक जण म्हणतो काय गुबगुबीत आहे. फक्त आम्ही घरात गेलो की कुंपणापाशी उभा राहून खिंकाळत बसतो.

तुल्सावाला

ताई अभिनंदन. आमच्याकडे ओक्लाहोमात तीन मिनी आहेत, मुलगी सात वर्षं शोमध्ये घेऊन जाते, त्यामुळे कागदाच्या या भानगडीतून मी स्वतः गेलोय.

आधी हे बघा की इथे मुख्य रजिस्ट्र्या दोन आहेत. एएमएचए, 1978 सालची, ऑफिस तुमच्याच टेक्सासमध्ये अल्वाराडोला, फोर्ट वर्थच्या खाली. त्यांची मर्यादा 34 इंच, त्याच्या वर एक केसही नाही. दुसरी एएमएचआर, 1972 पासूनची, इलिनॉयमध्ये मॉर्टनला, शेटलंड पोनीवाल्यांच्या जुन्या क्लबातून निघालेली, त्यांच्यात ए डिव्हिजन 34 पर्यंत आणि बी डिव्हिजन 34 ते 38. तुमचा कागद एएमएचएचा आहे म्हणजे उंची फार महत्त्वाची आणि ती शिवणाच्या टेपने मोजून उपयोग नाही, टेप पोटाच्या गोलाईवरून जाते आणि आकडा जास्त येतो. सपाट सिमेंटवर उभा करायचा, चारही पाय सरळ, आणि आडवी दांडी असलेल्या काठीने मोजायचं. मिनीमध्ये माप घेतात ते आयाळीचा शेवटचा केस जिथे संपतो तिथे, मोठ्या घोड्यांसारखं खांद्याच्या उंचवट्यावर नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आता नावाचं. रजिस्ट्री फक्त तिच्या वहीत जो मालक आहे त्याचीच सही मानते. म्हणजे साखळी पूर्ण करायला लागते, पहिल्या मालकाने बाईंना दिला याचा एक ट्रान्सफर, बाईंनी तुम्हाला दिला याचा दुसरा, दोन्हींवर सह्या, दोन्हींची फी, आणि सोबत मूळ सर्टिफिकेट. झेरॉक्स चालत नाही. अगदी आपल्याकडे सातबाऱ्यावर आजोबांचं नाव राहिलं आणि मधल्या पिढीने फेरफार केलाच नाही तसं झालंय हे. बाईंना आजच फोन करा, पहिल्या माणसाचा पत्ता मिळवा, कारण माणसं घर बदलतात, म्हातारी होतात, जातात, आणि मग वारसांच्या सह्या गोळा करत फिरावं लागतं. आमच्या एका घोड्याचं हेच झालं, आठ महिने गेले.

टेम्पररीचं म्हणाल तर लहान वयात सगळ्यांना टेम्पररीच मिळतं, कारण घोडा किती वाढणार ते तेव्हा कुणालाच माहीत नसतं. पूर्ण वाढला की उंची आणि फोटो पाठवून परमनंट करायचं. ते मागच्या मालकाने केलं नाही, तुम्ही ट्रान्सफरबरोबरच करून टाका. खच्ची केल्याची नोंद आहे का तेही बघा, वहीत अजून स्टॅलियनच म्हणजे खच्ची न केलेला दिसत असेल तर तोही कागद लागेल. आणि नाव लावताना दोघांचं लावा, मध्ये "किंवा" घाला, "आणि" घातलंत तर प्रत्येक वेळी दोघांच्या सह्या. लेकीच्या नावाचं म्हणाल तर आधी काऊंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसला, जिथून फोर-एच चालतं तिथे विचारा, फोर-एचमध्ये घोड्याची नोंदणी ठरलेल्या तारखेच्या आत करावी लागते आणि मालकीचे त्यांचे नियम असतात.

न्यूजर्सीकर

मला कळत नाही, गेल्डिंगला कागद कशाला? त्याची पिल्लं होणार नाहीत, घरी ठेवायचाय, लेक त्याच्याशी खेळणार. दोन-दोन फिया भरून, म्हातारे मालक शोधत फिरून काय मिळणार? ते पैसे डॉक्टरला ठेवा.

बाय द वे मीसुद्धा जोडी घ्यायचा विचार करतोय, वर्षाला एक पिल्लू विकलं तरी खर्च निघेल असं वाटतं. कुणाला अनुभव?

तुल्सावाला

पटत नाही मला. मिनी 25-30 वर्षं जगतो. ताईंची लेक 9 वर्षांची आहे, ती कॉलेजला जाईल तेव्हा चिकू जेमतेम पंधराचा असेल. उद्या नोकरी बदलली, घर विकलं, भारतात परत जावं लागलं, तर हा घोडा दुसऱ्या घरी द्यावा लागणार, आणि कागद असलेला, मुलांच्या हाताखाली तयार झालेला गेल्डिंग लोक शोधत येतात. बिनकागदाचा, त्यात लठ्ठ किंवा लंगडा, लिलावात जातो आणि तिथून पुढे त्याचं काय होतं ते मी बघितलंय, इथे लिहावंसं वाटत नाही. कागद चिकूसाठीच करायचा.

गुरांची_डॉक्टर

मी परळच्या व्हेटर्नरी कॉलेजची, आता केंटकीत घोड्यांचंच काम करते. कागदाचं दादांनी नीट सांगितलंय, त्यात मी पडत नाही. पण ताई तुमच्या पोस्टमधल्या दोन गोष्टींनी मला काळजी वाटली, मान जाडजूड आणि घट्ट आहे ही एक, आणि कुंपणाशी खिंकाळतो ही दुसरी.

मान आधी. आयाळीखाली हात घालून बघा, ती मऊ हलली पाहिजे. घट्ट गादीसारखी लागली तर ती ताकद नाही, चरबी साठलीय, आणि अशा घोड्याला लॅमिनायटिस व्हायला वेळ लागत नाही, म्हणजे खुराच्या आत हाड आणि नखाला जोडणारा जो थर असतो तो सुजतो आणि सुटायला लागतो. मग घोडा पुढच्या पायांवरचा भार टाळायला मागे रेलून उभा राहतो, वळताना काचेवर चालल्यासारखं चालतो, खूर गरम लागतात. एकदा झालं की जन्माचं दुखणं. मिनीची चण अशी की थोडक्या गवतावर जगायला बनलेली, आणि आपण त्याला दोन एकर हिरवंगार रान मोकळं देतो.

तर वजन मापायची टेप आणा, फीड स्टोअरमध्ये मिळते, छातीला गुंडाळून आकडा लिहून ठेवा. दिवसाला वजनाच्या साधारण दीड टक्का वाळलं गवत, 33 इंची घोड्याला तीन-साडेतीन पौंड, बारीक भोकांच्या जाळीत, चार भागांत. अंदाजाने नाही, तोलून. भारतात जाताना बॅगा तोलायचा हुकचा काटा प्रत्येक मराठी घरात असतो, तोच वापरा. मोकळं सोडायचं तेव्हा चरायचं मुसकं बांधा, आपल्याकडे मळणीच्या बैलाला बांधायचे तसंच, खाली छोटं भोक असतं, पाणी पिता येतं आणि गवताचे शेंडे मिळतात. सासरे आले की त्यांना पहिल्याच दिवशी सांगा की गूळ, पोळी, पेढा काही नाही. प्रेमाने देतात पण नाही.

आणि घाबरून त्याचं खाणं एकदम बंद करू नका! हे फार महत्त्वाचं आहे. लठ्ठ मिनी दोन दिवस उपाशी राहिला तर शरीर चरबी सोडायला लागतं, ती रक्तात उतरते, लिव्हर बसतं आणि घोडा हातचा जातो. म्हणून लठ्ठ असो की रोड, मिनीने एक वेळ जरी खाणं टाकलं तरी डॉक्टरला लगेच फोन, सकाळपर्यंत बघू असं नाही. वजन उतरवायचं ते हळूहळू, आठवड्याला एखाद-दोन पौंड पुष्कळ झालं.

जंताचं औषध घरी देत असाल तर ट्यूब अख्खी देऊ नका, ती साधारण 1250 पौंडांच्या घोड्याची असते, चिकू त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा. मॉक्सिडेक्टिन नावाचं औषध तर अंदाजाने अजिबात नाही. वर्षातून एकदा दात दाखवा, एवढ्याशा जबड्यात दातांची दाटी होते. नालबंद दर सहा ते आठ आठवड्यांनी, नाल ठोकायचे नसले तरी खूर कापायला.

लेकीने बसायचं का, तर नाही. घोड्याच्या अंगावर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त भार नसावा, चिकूचं निरोगी वजन 200 धरलं तर 40 पौंड होतात. पण गाडी ओढायला मिनी फार छान. हलकी दोन चाकी गाडी, आधी नुसते लांब लगाम धरून मागून चालायचं शिकवायचं, दोघांनाही. तिला हे बसण्यापेक्षा जास्त आवडेल बघा.

न्यूजर्सीकरांना, कृपा करून पिल्लांचा धंदा म्हणून विचार करू नका. मिनी घोडीची प्रसूती अडते, मोठ्या घोडीपेक्षा जास्त वेळा, आणि अडली की हातात मिनिटं असतात. शिवाय या जातीत बुटकेपणाची जनुकं आहेत, ॲग्रेकन नावाच्या जनुकातले दोष, केंटकी विद्यापीठातच त्याची टेस्ट निघाली. आईबाप दोघंही वरून धडधाकट दिसतात, पण दोघांकडून एकेक दोष आला की पिल्लू वाकड्या पायांचं, बसक्या तोंडाचं जन्मतं किंवा पोटातच जातं. मी अशी पिल्लं हातात घेतलीयत.

तापीकाठ

सगळं वाचलं. मी शहादा तालुक्यातला, नंदुरबार जिल्हा, आमच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो तो तुम्हाला माहीत असेल. आजोबांचा टांगा होता, त्यामुळे घरात घोडा होताच. मिनीबद्दल मला काही माहीत नाही पण एक गोष्ट सांगावीशी वाटते.

आमच्याकडे घोडा घेताना माणूस आधी कागद बघत नाही, कागद नसतोच बहुतेक वेळा, तो अंगावरच्या खुणा बघतो. भोवरे कुठे आहेत, गळ्याला देवमण आहे का, पाय किती पांढरे, कपाळावरचा पट्टा नाकापर्यंत उतरलाय का. चारी पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा असला तर पंचकल्याणी. शुभ-अशुभ मानायचं की नाही ते ज्याचं त्याचं, पण त्यातून एक फायदा होतो की गर्दीत शंभर घोडे असले तरी आपला घोडा अंधारात हात फिरवून ओळखता येतो. ताई तुमच्याकडे शिंगरू असतानाचा कागद आहे, त्यावर खुणांचं वर्णन असेलच. पहिलं काम हे करा की तो कागद याच घोड्याचा आहे का ते बघा. दोन हातांतून गेलेला घोडा आहे, एकाच रंगाची दोन शिंगरं असली तर कागदांची अदलाबदल होऊ शकते, कुणाच्या मनात पाप नसताना. अंग नीट खरारा करून, पाय धुवून, मग ताडून बघा. ट्रान्सफरचे पैसे नंतर भरा.

आणि तो खिंकाळतो त्याचं डॉक्टरताई बोलायच्या राहिल्या. घोडा एकटा ठेवू नये. आमचा एक घोडा वारला तेव्हा दुसरा पाच दिवस दाण्याला तोंड लावत नव्हता, शेवटी आजोबांनी त्याच्या शेजारी शेळी बांधली.

गुरांची_डॉक्टर

बरोबर, लिहायचं राहूनच गेलं. घोडा कळपातला प्राणी आहे, एकटा राहिला की सतत सावध असतो, नीट आडवा होऊन झोपत नाही. दुसरा मिनी सर्वात चांगला, नाहीतर शेळीसुद्धा चालते, मोठा घोडा शक्यतो नको, खेळता खेळता एक लाथ बसली तर मिनीचा पाय मोडतो. आणि कुंपण कुत्रा शिरणार नाही असं पाहिजे, दोन बाय चार इंचांची नो-क्लाइंब जाळी. मिनी मेल्याच्या ज्या केसेस मी पाहिल्यात त्यात शेजारची मोकळी कुत्री बऱ्याचदा निघतात.

आवारात कण्हेर आहे का? टेक्सासमध्ये घरोघरी लावतात आणि आपल्या लोकांना तर देवाच्या फुलांसाठी हवीच असते. असेल तर मुळापासून काढा. ती विषारी असते, वाळलेली थोडीशी पानंही घोड्याचा जीव घ्यायला पुरतात.

ब्रुकशायरची_आई

मंडळी सहा आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला त्याबद्दल सॉरी, पण तुमच्यातल्या प्रत्येकाचं सांगणं केलंय.

कण्हेर होती. दोन मोठी झुडपं, आग्नेय कोपऱ्यात, मीच लावलेली, गणपतीला लाल फुलं मिळावीत म्हणून, आणि चिकूचं पाण्याचं टब तिथून दहा पावलांवर. त्याच संध्याकाळी नवऱ्याने हातमोजे घालून काढली, पानन् पान वेचलं, मी रात्री झोपले नाही.

खुणांचं. कागदावर लिहिलं होतं मागचा डावा पाय खुरापाशी पांढरा, आणि चिकूला पांढरं कुठेच दिसत नव्हतं. माझ्या पोटात गोळाच आला. मग लेकीने बादलीत कोमट पाणी घेऊन तो पाय धुतला, इथली काळी माती इतकी घट्ट बसलेली की दोन पाणी झाली, आणि खुराच्या वर, टाचेच्या बाजूला, बोटाएवढी पांढरी कड निघाली. ती ओरडली, आई हाच आहे, हाच चिकू आहे. तिने तिथेच बसून पायाचं चित्र काढून वहीत ठेवलंय. तापीकाठ दादा, तुम्ही नसतं सांगितलं तर मी तो पाय कधी धुतला नसता.

पहिला मालक सापडला. पूर्व टेक्सासमधले ऐंशीच्या घरातले आजोबा, आता घोडे पाळत नाहीत. बाईंनी नंबर दिला, मी घाबरत घाबरत फोन केला तर त्यांना चिकूची आई, त्याचा जन्म झाला ती पावसाची रात्र, सगळं आठवत होतं. सही करून दिली आणि खच्ची केल्याचा व्हेटचा कागदही त्यांच्याकडे निघाला. बाईंनीही सही केली. काठीने मोजल्यावर उंची पावणेतेहतीस भरली. अल्वाराडोच्या ऑफिसमध्ये फोन करून काय काय लागेल ते लिहून घेतलं, दोन्ही ट्रान्सफर, परमनंटचा फॉर्म, चारही बाजूंचे फोटो असं एकाच पाकिटात गेलंय. डीएनएही करून घेतोय, आयाळीचे केस मुळासकट उपटून द्यायचे असतात, लेकीला वाटलं त्याला दुखेल पण तो गवत चघळत उभा राहिला. नाव आमचं दोघांचं लावलंय, मध्ये "किंवा".

वजन पहिल्या दिवशी 246 पौंड होतं. मुसकं बांधलं तेव्हा दोन दिवस रुसला होता, आता स्वतः तोंड पुढे करतो. सासरे आलेत. पहिल्या सकाळी मी बाहेर आले तर हातात गुळाचा खडा आणि चिकू समोर. त्यांना तुमची पोस्ट वाचून दाखवली, लॅमिनायटिसचा भाग दोनदा वाचायला लावला त्यांनी, मग खडा खिशात ठेवला. तेव्हापासून गवत तोलायचं काम त्यांचं, आमच्या बॅगांच्या काट्यावर, सकाळी सहाला. रोज खराराही तेच करतात आणि नातीला शिकवतात, उलट्या केसाने कधी जायचं, सुलट कधी.

आणि एकटेपणाचं म्हणजे लवंग आली. बारा वर्षांची काळपट घोडी, 35 इंच, कागद नाही, मागचं कुणाला काही माहीत नाही, एका कुटुंबाला शहरात जायचं होतं त्यांनी दिली. कॉगिन्स टेस्ट, म्हणजे घोड्यांच्या एका संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी, निगेटिव्ह आली, तरी तीन आठवडे वेगळी ठेवली. ज्या दिवशी मधलं गेट उघडलं त्या दिवशी दोघं अर्धा तास एकमेकांची मान चावत उभे होते. त्या रात्रीपासून चिकू आडवा पडून झोपतो, पाय ताणून, पहिल्यांदा बघितलं तर मी मेला समजून धावत गेले होते.

न्यूजर्सीकर

ताई वाचून बरं वाटलं. पिल्लांचा विचार मी सोडला. बायको म्हणते दोन गेल्डिंगच घेऊ, शेल्टरमधून.

तुल्सावाला

पाकीट रजिस्टर पोस्टाने पाठवलंत ना? मूळ सर्टिफिकेट आहे आत. आणि लवंगचे चारही बाजूंचे फोटो तुम्हीच काढून ठेवा, तारीख घालून, खुणा लिहून. रजिस्ट्रीचा नसला तरी तो तिचा कागद. मायक्रोचिपही बसवून घ्या दोघांना, मानेत डाव्या बाजूला बसवतात, आणि चिपचा नंबर लेकीच्या त्याच वहीत लिहा.

गुरांची_डॉक्टर

वजन दर रविवारी एकाच वेळी, एकाच माणसाने मोजायचं, टेप ओढायची सवय प्रत्येकाची वेगळी असते. आकडा इथे टाकत जा.

ब्रुकशायरची_आई

हो, सहीची पावती येईल अशा पोस्टाने पाठवलंय. फोटो आज काढले, लवंगच्या कपाळावर दोन भोवरे आहेत शेजारी शेजारी, लेकीने वहीत काढलेत. चिप दोघांची पुढच्या गुरुवारी, नालबंद येतो त्याच दिवशी डॉक्टरला बोलावलंय. आजचा रविवारचा आकडा, सासऱ्यांनी मोजलेला, 234.